फ्रान्सच्या खेड्यात गावाला दोघांचीही ओळख हवी

एका ताईंचं पत्र आलं आहे. दक्षिण फ्रान्सच्या लॉत जिल्ह्यात, फिजाकच्या आसपास विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. त्यांतल्या एकात त्यांचे यजमान अभियंता आहेत. जवळच्या वाडीत दगडी, ऐसपैस घर भाड्यानं मिळालं म्हणून दोघं तिथं राहायला गेले. यजमान सकाळी गाडी घेऊन जातात ते संध्याकाळीच परततात. वाडीत दुकान नाही, बस नावापुरती. ताईंचे दिवसच्या दिवस कुणाशी न बोलता जातात. सगळं सोडून तुलूझ या मोठ्या शहरात राहायला जावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, घाईनं घर बदलण्याआधी माझं थोडं ऐका. मुंबई-पुण्यात, अगदी पॅरिसमध्येसुद्धा, दोघांपैकी एकाची नोकरी, एकाची भाषा आणि एकाची गाडी यावर संसार निभावतो. खाली उतरलं की दुकान, पलीकडे मेट्रो. फ्रेंच खेड्यात तसं होत नाही. तिथं दोघांची ओळख वेगवेगळी उभी राहावी लागते, नाहीतर एकजण गावचा होतो आणि दुसरा घरातच राहतो. सगळ्यात आधी याच्याच मागे लागा.

सुरुवात कागदांपासून करा. फ्रान्समध्ये पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल चालतं आणि जवळजवळ प्रत्येक कार्यालय ते मागतं. बिल एकट्या यजमानांच्या नावावर असेल तर प्रत्येक अर्जाला त्यांचं पत्र जोडावं लागतं. वीज कंपनीला कळवून त्यावर दोघांची नावं घालून घ्या. घराच्या भाडेकरारावरही तेच करा. बँकेत तुमच्या नावाचं खातं असू द्या. आरोग्य विम्याचं कार्ड, म्हणजे कार्त व्हिताल, तुमचं स्वतःचं असतं. नोकरी नसली तरी तीन महिने कायम वास्तव्य झाल्यावर तुम्ही स्वतःच्या हक्कानं त्यासाठी अर्ज करू शकता. कागदपत्रांत अडलात तर जवळचं ‘फ्रान्स सर्व्हिस’ केंद्र शोधा. सरकारनं गावोगावी उघडलेल्या या केंद्रांत आरोग्य विमा, कर, कुटुंब भत्ता अशा खात्यांची कामं एका छताखाली होतात आणि समोरचा माणूस शेजारी बसून अर्ज भरायला मदत करतो.

डॉक्टरांचं काम मात्र अवघड आहे. तिथं प्रत्येकानं आपला एक नेहमीचा डॉक्टर नोंदवायचा असतो. नोंद नसेल तर सरकारी विम्याची परतफेड 70 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर येते. पण ग्रामीण भागात डॉक्टर कमी आहेत आणि जे आहेत ते नवे रुग्ण घेत नाहीत, ही तिथली सर्वांचीच रड आहे. म्हणून ठणठणीत असतानाच डॉक्टर शोधा. औषधाच्या दुकानात विचारा, पंचक्रोशीत कुठे नवा दवाखाना येतोय हे तिथं आधी कळतं. तातडीच्या वेळी 15 किंवा 112 लावायचा.

गाडीबद्दल मी ठामपणे सांगेन: ती तुम्हाला चालवता आलीच पाहिजे. भारतातला परवाना तिथं राहायला आल्यावर साधारण पहिलं वर्षच चालतो. तो सरळ बदलून मिळेल यावर विसंबू नका, फ्रेंच परीक्षेची तयारी आत्ताच सुरू करा. लेखी परीक्षेत 40 प्रश्न असतात, 35 बरोबर यावे लागतात. ती फ्रेंचमध्येच असल्यामुळे अभ्यासात भाषाही पक्की होते. प्रत्यक्ष शिकवणीचे किमान 20 तास घ्यावे लागतात, ऑटोमॅटिक गाडीसाठी 13. गावातल्या अरुंद रस्त्यांवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम सारखा लागतो. पाटी नसली तरी तो लागू असतो, नवख्यांचे अपघात तिथंच होतात. परवाना हाती येईपर्यंत एक सोय आहे. ताशी 45 किलोमीटरच्या वर न जाणारी दोन आसनी छोटी गाडी. 1988 पूर्वी जन्मलेल्यांना तिच्यासाठी परवाना लागत नाही. त्यानंतरच्यांना छोटंसं प्रशिक्षण पुरतं. विमा मात्र हवाच.

आता माणसांकडे वळू. आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारच्या काकू आपणहून चहा घेऊन येतात. तिथं नव्यानं आलेल्यानं पहिलं पाऊल टाकायचं, अशी रीत आहे. तुम्ही गेला नाहीत म्हणून कुणी आलं नसेल. त्यात तुटकपणा नाही, उलट तुमच्या खासगीपणाचा मान आहे. म्हणून सकाळी, दुपारच्या जेवणाच्या वेळेआधी, शेजाऱ्यांचं दार वाजवा. मोडक्या फ्रेंचमध्ये नाव सांगा, कोणत्या घरात राहता ते सांगा. मग मेरीत, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीत जा. लहान गावात ती आठवड्यातले मोजके अर्धे दिवसच उघडी असते आणि पुष्कळदा महापौर स्वतःच भेटतात. गावात कोणकोणती मंडळं आहेत ते विचारा. 1901 च्या कायद्याखाली नोंदलेली ही मंडळं म्हणजे तिथल्या गावाचा कणा: गोधड्या शिवणाऱ्या बायका, गाणारे, डोंगर चढणारे, जुनी पुस्तकं जमवणारे. सप्टेंबरात त्यांचा मेळावा भरतो, त्यात नाव नोंदवा. फ्रेंच शिकवणारे स्वयंसेवकही अशाच मंडळांतून भेटतात.

दुकानात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, रस्त्यातही आधी ‘बाँझूर’ म्हणा आणि मग कामाचं बोला. न म्हणता थेट विचारलं तर ते उर्मट वाटतं. कुणी घरी बोलावलं तर फुलं न्यायला हरकत नाही, पण शेवंती नको. आपल्या देवघरातली ही फुलं तिथं 1 नोव्हेंबरला आप्तांच्या थडग्यांवर वाहतात. शाकाहारी असाल तर निमंत्रण स्वीकारतानाच ‘मांस नाही, मासेही नाहीत’ असं दोन्ही सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं की बरेच जण मासे ठेवतात.

शनिवारी फिजाकचा बाजार भरतो. तिथं यजमानांशिवाय जा. एकाच भाजीवाल्याकडे जात राहा, चेहरा ओळखीचा होतो. ओझेय नावाची आंबट पालेभाजी मिळाली तर ती आपल्या चुक्याची बहीणच, डाळदाण्याची पातळ भाजी छान होते. मसूर डाळ आणि हरभऱ्याचं पीठ सुपरमार्केटात सहज मिळतं. फ्रोमाज ब्लाँ, म्हणजे तिथलं दह्यासारखं मऊ चीज, रात्रभर कापडात टांगलं की चक्का तयार, त्याचं श्रीखंड शेजाऱ्यांना खाऊ घाला. परसात मेथी-कोथिंबीर पेरा. मिरची आणि टोमॅटोची रोपं मात्र 11 ते 13 मे उलटल्याशिवाय बाहेर लावू नका. थंडीचे हे शेवटचे दिवस तिथले जुने शेतकरी आजही पाळतात.

सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो. रानात फिरताना भडक नारिंगी जाकीट घाला. लाकडाची शेगडी असेल तर धुराडं दरवर्षी साफ करून पावती ठेवा, आग लागली तर विमावाले ती मागतात.

यजमानांनाही थोडं सांगायचं आहे. दादा, त्या बोलायला अडखळल्या की लगेच मध्ये पडू नका. तुम्ही त्यांच्या वतीनं बोललात की समोरचा पुढच्या वेळीही तुमच्याकडेच बघतो आणि त्या तिथं असून नसल्यासारख्या होतात. आठवड्यातला एक दिवस गाडी त्यांच्याकडे राहू द्या. तुम्ही सहकाऱ्याबरोबर जा.

राहता राहिला तुलूझचा प्रश्न. ताई, तुमच्या शिक्षणाचं काम तिथंच मिळणार असेल तर जायला हवं, त्यात खंत नको. पण प्रश्न एकटेपणाचाच असेल, तर आधी वाडी सोडून फिजाक गावातच घर बघा. चालत जाता येईल असं स्टेशन, ग्रंथालय, दुकानं आणि शनिवारचा बाजार तिथं आहे, आणि यजमानांची नोकरीही जवळच राहते. निर्णय नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंधाऱ्या दिवसांत करू नका. एप्रिलमध्ये घरं बघायला सुरुवात करा, आणि नव्या भाडेकरारावर दोघांची सही असू द्या.