फोर्टातलं ऑफिस घर म्हणून भाड्याने घ्यावं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मोठं आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. डोंबिवलीत वन बीएचके, मेन्टेनन्स धरून 19,000. पतींचं ऑफिस फोर्टात, तुमचं अंधेरीच्या सीप्झमध्ये. दोघांचे मिळून हातात 1,45,000 येतात, त्यातले 30,000 एसआयपीत जातात, आणि अडीनडीसाठी 4 लाखांची एफडी आहे. आता फोर्टातल्या एका जुन्या ऑफिस इमारतीचे दोन मजले ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ करून भाड्याने देताहेत. भाडं 52,000, मेन्टेनन्स 6,000, डिपॉझिट 3 लाख, करार अकरा महिन्यांचा आणि लॉक-इनही (म्हणजे मध्येच जागा सोडता न येण्याची मुदत) पूर्ण अकरा महिन्यांचं.

आहे त्या अटींवर घेऊ नका. अटी बदलल्या तर विचार करता येईल, पण सगळ्यात आधी ही जागा कागदावर घर आहे की ऑफिस, ते बघा. तुमच्या पत्रात फरशीच्या रंगापर्यंत सगळं आहे, नेमकं हेच नाही.

हिशोब मांडू. भाड्यात महिना 39,000 ची वाढ. प्रवासाला आत्ता 9,000 जातात असं तुम्ही लिहिलंय. नंतर तुमचं सीप्झपर्यंतचं मेट्रो-3 चं भाडं साधारण 3,000 होईल, म्हणजे 6,000 वाचले. पती जुन्या करप्रणालीत आहेत, बेसिक 45,000 आणि एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, 22,500. मेन्टेनन्सचे 2,000 सोडून उरलेल्या 17,000 भाड्यातून बेसिकचे 10 टक्के वजा केले की आत्ता 12,500 ची करसूट मिळते, ती पूर्ण 22,500 होईल. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये महिन्याला 2,000 च्या आसपास कर वाचला. खरा बोजा उरला 31,000, म्हणजे तुमची अख्खी एसआयपी आणि वर हजार रुपये.

बदल्यात मिळतो वेळ. तुमच्या अंदाजाने दोघांचे मिळून दिवसाला साडेतीन तास वाचतील. महिन्याचे 22 दिवस धरले तर 77 तास, तासाला 400 रुपये. रोज नऊ तास धरले तर तुम्ही दोघं सरासरी तासाला 366 रुपये कमावता. कमाईपेक्षा महाग वेळ विकत घेताय. मुलगी तीन वर्षांची आहे, तेव्हा एखाद-दोन वर्षं तेवढी किंमत मोजावीशी वाटली तर मी नावं ठेवणार नाही. पण मग पाच वर्षांत ठाण्यात घर घेण्याचं वेळापत्रक पुढे ढकलावं लागेल, हे दोघांनी समोरासमोर बसून कबूल करायला हवं.

आता कागद. मालकाकडे विजेचं बिल मागा. टॅरिफचा प्रकार बिलावर छापलेला असतो: एलटी-1 म्हणजे घरगुती, एलटी-2 म्हणजे व्यावसायिक. एलटी-2 असेल तर युनिटचा दर चढा लागेल, आणि महापालिकेकडून चेंज ऑफ यूजर (ऑफिसचं घर करायची परवानगी) झालेलं नाही अशी शंका घ्यायला जागा आहे. प्रॉपर्टी टॅक्सचं बिलही बघा. निवासी घर राहण्यासाठी घेतलं तर तुमच्यासारख्या पगारदाराला भाड्यावर जीएसटी नसतो. व्यावसायिक जागा असेल आणि मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल तर 18 टक्के, म्हणजे महिना 9,360 वर. त्यातच कंपनीने व्यावसायिक करारावर एचआरएची सूट नाकारली की आत्ता मिळते तीही जाईल, मग बोजा 44,000 च्या पुढे आणि तासाचा भाव 580 च्या आसपास.

बाथरूमला दोन पायऱ्या चढून जावं लागतं, हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय. मला त्यात गंमत दिसली नाही. ऑफिसात संडास-बाथरूम एका कोपऱ्यात असतात. खोलीखोलीत नवी बाथरूम काढली की पाइपाला उतार देण्यासाठी लादी उचलावी लागते. पाइप लांब, उतार बेताचा, तुंबण्याची भीती कायम. पाण्याचंही तसंच. नियमावलीत ऑफिससाठी माणशी दिवसाला 45 लिटर धरतात आणि घरासाठी 135. टाक्या जुन्याच असतील तर टँकर येणार आणि ते बिल मेन्टेनन्समध्ये चढणार. 6,000 मध्ये काय काय आलं ते लेखी घ्या. काचा उघडत नसतील तर सेंट्रल एसी रात्री आणि रविवारी चालतो का, तेही. आगीच्या बाबतीत फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दाखवायला सांगा. तो जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, त्यामुळे ‘शोधून देतो’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

कागद स्वच्छ निघाले तर घासाघीस 50,000 वर आणा. महिना 50,000 च्या वर भाडं गेलं की 2 टक्के टीडीएस (मालकाच्या वतीने आधीच कापलेला आयकर) कापून भरायची जबाबदारी तुमच्यावर येते. पैसे मालकाच्याच भाड्यातून जातात, पण कटकट तुमची. लॉक-इन तीन महिन्यांवर आणा. करारात एक वाक्य हवंच: महापालिकेच्या किंवा अग्निशमन दलाच्या नोटिशीमुळे जागा सोडावी लागली तर लॉक-इन लागू नाही आणि डिपॉझिट पंधरा दिवसांत परत. करार रजिस्टर करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे आणि स्टँप ड्युटी, नोंदणी मिळून खर्च अडीच हजारांच्या आसपास. ‘नोटरी पुरे’ म्हणणाऱ्या मालकाला तिथेच नमस्कार करा.

डिपॉझिटसाठी एफडी मोडू नका. 4 लाखांतले 3 गेले तर हातात महिन्याभराचाही खर्च धड उरत नाही. दीड लाखावर तयार होतो का ते विचारा. आणि टोकन देण्याआधी मरोळ नाक्याजवळच्या साध्या वन बीएचकेंचे दोन-तीन भाव काढा. तिथे मेट्रो-3 आणि मेट्रो-1 दोन्ही आहेत, सीप्झ हाकेच्या अंतरावर आहे आणि पतींना फोर्टात जायला गाडी बदलावी लागत नाही. ते भाव आले की मला पाठवा, हाच हिशोब त्यांच्यावर लावून बघू.