वाचकांचे प्रश्न: छोट्या वाड्याच्या लाकडी पट्ट्या

प्रश्न: गोदाकाठच्या जुन्या वाड्याची प्रतिकृती १:१२ प्रमाणात करते आहे. भिंती ६ मिमी एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या), त्यांना ऑइल पेंट दिलाय. खिडक्यांच्या चौकटींना आणि भिंतींच्या तळाला सागवानाच्या २ मिमी जाड पट्ट्या फेविकॉलने लावल्या, तर टोकं उचलली. फेविक्विक लावलं तिथे पांढुरका थर आला. नंतर पॉलिश केलं, तर मध्येच फिके डाग. कोणता गोंद घेऊ?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: साधा पांढरा फेविकॉलच घ्या, मात्र कामाचा क्रम बदला.

फेविकॉल लाकडाच्या छिद्रांत शिरतो आणि त्यातलं पाणी उडालं की पकड धरतो. ऑइल पेंटमध्ये शिरायला त्याला वाव नसतो. म्हणून पट्टीची जागा पेन्सिलीने आखून, रेषेपासून १ मिमी आत राहून मधला सगळा रंग कटरने खरवडा आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

पट्टीला रंग-पॉलिश चिकटवण्याआधीच द्यायचं. पाठ कोरी ठेवायची. पृष्ठभागावर सांडलेला गोंद छिद्रं बुजवतो, तिथे पॉलिश शिरत नाही. तुमचे फिके डाग त्याचेच. सागवान तेलकट असतं, त्यामुळे गोंद लावण्याच्या जरा आधी पाठ थिनरच्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या.

आता टोकांचं. गोंदाची बाजू ओली होऊन फुगते, वरची कोरडीच राहते, आणि पातळ पट्टी टोकांकडून वर येते. गोंद जितका जास्त, तितका हा त्रास जास्त. टूथपिकने मधोमध एक बारीक रेघ ओढा, बोटाने पातळ पसरवा. पट्टी बसवून दर ३-४ सेंमीवर मास्किंग टेप लावा, टोकांवर नक्की. टेप तासाभराने काढता येते, पूर्ण पकडीला २४ तास लागतात. पावसाळ्यात दोन दिवस हात लावू नका. कडेने आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसलात तर तो लाकडाच्या रेषांत पसरतो. १५-२० मिनिटांनी जेलीसारखा झाला की टूथपिकने उचला, अखंड निघून येतो.

फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. जादा थेंबाची वाफ आजूबाजूला बसते, तोच पांढुरका थर. दमट, बंद खोलीत तो जास्त येतो. शिवाय ही पकड ठिसूळ, धक्क्याने सुटते. पण पट्टीच्या दोन्ही टोकांना सुईच्या अग्राएवढा थेंब आणि मध्ये फेविकॉल, ही जोडी फार उपयोगी: फेविकॉल वाळेपर्यंत थेंब टोकं धरून ठेवतात.

एसआर (फेविकॉलचाच रबरी गोंद) दोन्ही बाजूंना लावून १०-१५ मिनिटांनी दाबायचा असतो. टेकवला की सरकवता येत नाही, म्हणून चौकटीच्या काटकोनांना तो नको. ग्लू गनचा थर जाड, फट दिसतेच.

उचललेल्या पट्ट्या काढताना सांध्यात कोमट पाणी ब्रशने सोडा, दहा मिनिटांनी पातळ पातं सरकवा. फेविक्विकच्या ठिकाणी ते विरघळवणारं ॲसिटोन वापरू नका, भिंतीचा रंग सुटेल. तिथे नुसतं पातंच चालवा.