पंचविसाव्या आठवड्यात कळा आल्या तर?

प्रश्न: वहिनीला पंचविसावा आठवडा लागलाय आणि मधूनमधून पोट कडक होतं. इतक्या लवकर जन्मलेलं बाळ वाचतं का? – एक वाचक, काणकोण

उत्तर: वाचू शकतं, पण ते कुठे जन्मतं यावर बरंच अवलंबून असतं. पोट कडक होतंय तर आजच तपासून घ्या. कळा नियमित झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर लगेच 108 ला फोन करा आणि बाळ पोटात असतानाच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पोचा. जन्मानंतर हलवलेलं बाळ वाटेत गार पडतं, मेंदूत रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

आईला डेक्सामेथासोन (बाळाची फुफ्फुसं लवकर तयार करणारं स्टिरॉइड) देतात: 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, एकूण चार इंजेक्शनं. बाळाच्या फुफ्फुसांवर पूर्ण परिणाम व्हायला साधारण 24 तास लागतात. मात्र एकच डोस मिळाला तरी फायदा होतो. म्हणूनच ‘सकाळी बघू’ नको. मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात.

बाळाला न पुसताच मानेपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. दचकू नका, त्या पातळ कातडीतून ओल आणि ऊब भराभर निघून जाते. श्वास जड असल्यास नळीतून सर्फॅक्टंट, म्हणजे फुफ्फुसं उघडी ठेवणारं औषध, सोडतात.

बाळ वाचण्याची शक्यता आठवड्यागणिक बदलते. वजन, जुळं आहे का, संसर्ग आहे का, हेही मोजलं जातं. प्रसूतीआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारा: किती उपचार करायचे, अपंगत्वाचा धोका किती?

एक तपासणी हमखास राहते, डोळ्यांच्या पडद्याची. एवढ्या लहान बाळाची ती जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत व्हायलाच हवी. आणि ‘अजून बसत नाही’ म्हणण्याआधी वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.