ॲग्री-बिझनेसचे एमबीए: प्रवेश घेण्याआधीचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक प्रश्न कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न: बारावी झाली आहे. ‘दोन वर्षांत ॲग्री-बिझनेसची पदवी’ अशी जाहिरात पाहिली. प्रवेश घ्यावा का?

पदवी म्हणून घेऊ नका. आपल्याकडे बारावीनंतर दोन वर्षांत पदवी मिळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे शिक्षण दुसऱ्या वर्षानंतर सोडले, तर हातात पदविका पडते. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांची ‘असोसिएट डिग्री’ असते. तिथे तिला किंमत आहे, पण इथे नोकरीच्या जाहिरातीत ‘पदवीधर’ असे लिहिले असेल तर तिचा उपयोग नाही.

संस्थेला एवढेच विचारा: गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार? उत्तर गोलमोल आले तर तिथूनच परत फिरा. नाव सांगितलेच, तर ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का ते पाहा. आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो, तीही चाळा.

दहावीनंतरची दोन वर्षांची कृषी पदविका ही निराळी गोष्ट. ती शेतीच्या तंत्राची आहे, तिच्यात व्यापार नावापुरता. पदवीनंतर दोन वर्षांचा जो अभ्यासक्रम आहे, तोच ‘ॲग्री-बिझनेसचे एमबीए’. पुढची सारी उत्तरे त्याबद्दलच.

प्रश्न: बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी. करू की एमबीए? आणि कोणत्या परीक्षा द्याव्यात?

संशोधन, प्राध्यापकी किंवा कृषी विद्यापीठातली नोकरी डोक्यात असेल तर एम.एस्सी. तिथे एमबीए सहसा चालत नाही. बियाणे, खते, कीटकनाशके, ट्रॅक्टर, ठिबक, प्रक्रिया उद्योग, शेतमालाची खरेदी, बँकांचे कृषी कर्ज, शेतकरी उत्पादक कंपन्या यांपैकी काही हवे असेल तर एमबीए. दोन्ही दगडांवर पाय ठेवून आधी एम.एस्सी. आणि मग एमबीए करणारे पुष्कळ आहेत. त्यात दोन वर्षे जातात आणि पगारात त्याचा फरक फारसा पडत नाही.

परीक्षांचे सांगायचे तर वाटा चार. कॅट, म्हणजे आयआयएमची सामाईक प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरअखेर होते आणि अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरावा लागतो. अहमदाबाद आणि लखनौ येथील आयआयएमचे कृषी व्यवसायाचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आणि हैदराबादची ‘मॅनेज’ ही कृषी विस्तार व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, यांत कॅटच्या गुणांवर प्रवेश होतो. पुण्याची वैकुंठ मेहता संस्था आणि जयपूरची राष्ट्रीय कृषी पणन संस्था याही याच क्षेत्रातल्या जुन्या संस्था. सिम्बायोसिसच्या अभ्यासक्रमासाठी स्नॅप ही त्यांचीच परीक्षा द्यावी लागते. राज्यातल्या साध्या एमबीए महाविद्यालयांसाठी एमएएच-एमबीए सीईटी आहे. आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांतले पदव्युत्तर प्रवेश महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होतात. त्याचे वेळापत्रक निराळे असते आणि तेच विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटते.

सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटे आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. कॅटचे उलटे आहे: बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर उणे १, आणि प्रत्येक विभागाला ४० मिनिटांचे कुलूप. सीईटीच्या सवयीने कॅट दिली की उणे गुणांनीच माणूस बुडतो.

प्रश्न: मी बी.कॉम. आहे. घरी द्राक्षबाग आहे. मला प्रवेश मिळेल का?

राज्याच्या सीईटीतून मिळेल. कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी आणि खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के गुण, ही तिथली अट. बाकी संस्थांच्या माहितीपत्रकात ‘कृषी व संलग्न शाखा’ हे शब्द शोधा. ते पात्रतेच्या ओळीत असतील तर तुमचा अर्ज बाद होईल. ‘प्राधान्य’ या ओळीत असतील तर मुलाखतीत बागेबद्दल बोलायची संधी आहे.

फक्त बाग ‘आहे’ एवढ्यावर भागत नाही. एकरी खर्चात मजुरीचा वाटा किती, छाटणीपासून माल निघेपर्यंत किती दिवस, निर्यातीचा माल आणि बाजारातला माल यांत कोणत्या निकषांवर फरक पडतो, व्यापाऱ्याने पैसे किती दिवसांनी दिले, हे आकड्यांत सांगता आले पाहिजे. घरच्या वहीतले तीन हंगाम एका पानावर मांडून न्या.

एक कटू गोष्ट आधीच सांगतो. सरकारी आणि बँकांच्या कृषी पदांसाठी पहिली पदवी पाहतात. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला कृषी किंवा संलग्न शाखेची चार वर्षांची पदवी लागते. बी.कॉम.वर दोन वर्षांचे एमबीए चढवून ती अट पुरी होत नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेचेही तसेच. तुमची वाट खासगी कंपन्या, प्रक्रिया उद्योग आणि उत्पादक कंपन्यांची. हिशेब येत असल्याने तिथे तुम्ही कृषी पदवीधरांच्या एक पाऊल पुढेच असाल.

प्रश्न: गणित कच्चे आहे. दोन वर्षांत किती गणित असते?

कॅलक्युलस नाही, पण टक्केवारी रोज असते आणि तीच दगा देते. कांद्याचे उदाहरण घ्या, आकडे केवळ समजण्यापुरते. मे महिन्यात १०० क्विंटल कांदा १,२०० रुपयांनी घेतला आणि चाळीत ठेवला. ऑक्टोबरपर्यंत वजनातली घट, सड आणि कोंब मिळून ३० टक्के गेला. आता किती भावाने विकला तर तोटा होणार नाही?

दहातले सात विद्यार्थी १,२०० वर ३० टक्के चढवतात आणि १,५६० म्हणतात. चूक. पैसे १०० क्विंटलचे गेले आहेत, विकायला उरले ७० क्विंटल. म्हणून १,२०० ला ०.७ ने भागायचे: १,७१४. आता बाकीचे धरा. चाळीचे भाडे आणि भरणी-काढणी मिळून क्विंटलला १५० रुपये, तेही मूळ १०० क्विंटलवर, म्हणजे १५,०००. सव्वा लाखाच्या आतबाहेर रक्कम पाच महिने अडकली. १,२०,००० वर १२ टक्क्यांनी पाच महिन्यांचे व्याज ६,०००. एकूण १,४१,०००. भागिले ७०, क्विंटलला २,०१४. वर निवड, गोण्या, भाडे, हमाली-तोलाईचे १२० धरले की २,१३४. भाव पावणेदोन पटींहून वर गेला तर कुठे मुद्दल सुटते. ‘भाव तर वाढला, मग शेतकऱ्याच्या हातात काही कसे नाही’ याचे निम्मे उत्तर या भागाकारात आहे.

असाच दुसरा खड्डा दुकानाच्या नफ्याचा. ९०० ला घेतलेली वस्तू १,००० ला विकली तर विक्रीवर नफा १० टक्के, खरेदीवर ११.१ टक्के. कंपनीचा माणूस एक आकडा बोलतो, दुकानदार दुसरा, आणि दोघेही खरे असतात. त्यात माल जूनमध्ये उधारीवर गेला आणि सोयाबीन निघाल्यावर नोव्हेंबरमध्ये पैसे आले, तर ९०० रुपयांवर पाच महिन्यांचे १२ टक्क्यांनी व्याज ४५ रुपये. शंभराच्या नफ्यातले ४५ उधारीने खाल्ले. कृषी सेवा केंद्रे जास्त नफ्याच्या अनोळखी मालाकडे का वळतात, हे इथे कळते.

प्रवेशाआधी दोन महिने टक्केवारी, सरासरी, साधे-चक्रवाढ व्याज आणि स्प्रेडशीट एवढे पक्के करा. पुरते.

प्रश्न: एमबीए आणि पीजीडीएम यांत फरक काय? शुल्काची सोय कशी होते?

विद्यापीठ देते ती एमबीए पदवी. स्वायत्त संस्था देते तो पीजीडीएम डिप्लोमा. कंपन्या दोहोंत भेद करत नाहीत. पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर तो डिप्लोमा भारतीय विद्यापीठ संघाने एमबीएशी समकक्ष मानलेला आहे का, हे आधी विचारा. आयआयएमना २०१७ च्या कायद्यापासून पदवी देता येते, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरला नाही.

खरा फरक शिष्यवृत्तीत पडतो. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे सीईटीनंतरच्या राज्याच्या ‘कॅप’ फेऱ्यांतून, झालेला हवा. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना याच उत्पन्नमर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. तिथेही केंद्रीय प्रवेशाची अट आहेच. घाईघाईत व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ही दारे बंद होतात. मग महाविद्यालयात कितीही खेटे घाला.

कर्ज घेणार असाल तर निवडलेली संस्था पीएम-विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर तारण लागत नाही, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते.

प्रश्न: पहिल्या वर्षानंतरची इंटर्नशिप बियाणे कंपनीत मिळते आहे. तिथे नेमके काय शिकायचे?

तिथे दोन शब्द कानावर पडतील: प्लेसमेंट आणि लिक्विडेशन. तिसरा शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही: सेल्स रिटर्न.

कंपनी हंगामाआधी डिस्ट्रिब्युटरला आणि तो दुकानांना माल देतो, ती प्लेसमेंट. शेतकऱ्याने पाकीट विकत घेऊन घरी नेले, ते लिक्विडेशन. समजा, एका तालुक्यात बीटी कापसाच्या एका वाणाची ४७५ ग्रॅमची ५,००० पाकिटे दुकानांत लागली. मे महिन्यात कागदावर टार्गेट पूर्ण. जुलैत मोजली तेव्हा ३,२०० विकली गेलेली. उरलेली १,८०० परत, हाच सेल्स रिटर्न: भाडे कंपनीचे, आणि उगवणक्षमता पुन्हा तपासल्याशिवाय तोच माल पुढच्या हंगामात विकता येत नाही. विक्री ५,००० नव्हती, ३,२०० होती.

म्हणून इंटर्नशिपमध्ये ‘१०० शेतकऱ्यांचे समाधान सर्वेक्षण’ हा विषय मिळाला तर विनंती करून बदलून घ्या. असली सर्वेक्षणे झाडाखाली बसून भरता येतात, हे मार्गदर्शकालाही ठाऊक असते. त्याऐवजी ३० ते ४० दुकाने घ्या, दर आठवड्याला त्याच दुकानांत जा आणि प्रत्येक वाणाचा सुरुवातीचा साठा, नवी आवक आणि शिल्लक लिहा. सुरुवातीचा साठा अधिक आवक, वजा शिल्लक, ही त्या आठवड्याची खरी विक्री. दुकानदार तोंडी आकडे फुगवून सांगतो. रॅकवरची पाकिटे मोजा. शेजारच्या दुकानाला दिलेला माल विक्रीत धरला जात नाही ना, हेही पाहा. आठ आठवड्यांत कोणता वाण कोणत्या गावांत का अडला हे दिसते: पाऊस लांबला, बोंड वेचायला अवघड, की स्पर्धकाने शिवारात डेमो प्लॉट आधी लावला होता. असा अहवाल मुलाखतीत टेबलावर ठेवला की पुढचे प्रश्न त्यावरच येतात.

बाजार समितीत काम मिळाले तर शेतकऱ्याला दिलेली हिशोबपट्टी गोळा करा. भाव, वजन आणि कपातीच्या ओळी वाचता येणे हा त्या इंटर्नशिपचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

प्रश्न: माहितीपत्रकात ‘१०० टक्के प्लेसमेंट’ लिहिले आहे. विश्वास ठेवावा का?

आकड्याला महत्त्व नाही, पद विचारा. सर्वाधिक पॅकेज सांगतील, तुम्ही मध्यक विचारा, म्हणजे सारे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा. पगारात निश्चित किती आणि इन्सेंटिव्ह किती, पेट्रोल व मुक्कामाचा भत्ता पॅकेजमध्येच धरला आहे का, नोकरी कंपनीच्या पटावर आहे की मनुष्यबळ पुरवठादाराच्या, आणि वर्षभरानंतर किती जण तिथेच आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर महाविद्यालय देणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पाच माजी विद्यार्थ्यांना फोन करा.

प्रश्न: नोकरी नको. एमबीए करून कृषी सेवा केंद्र काढायचे आहे. परवाना मिळेल ना?

एमबीएवर मिळणार नाही. कीटकनाशकांच्या किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी कृषी, जीवशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांची पदवी किंवा मान्यताप्राप्त संस्थेची कृषी विषयातली किमान एक वर्षाची पदविका लागते. बी.ए. अधिक एमबीए असेल तर पात्र व्यक्ती नोकरीला ठेवावी लागेल किंवा ती पदविका करावी लागेल. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने वेगवेगळे असतात, हेही लक्षात ठेवा.

पहिली पदवी कृषीची असेल तर ‘ॲग्री-क्लिनिक व ॲग्री-बिझनेस सेंटर’ ही केंद्राची योजना पाहा. ती २००२ पासून आहे. ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण मोफत मिळते. त्यानंतर वैयक्तिक प्रकल्पाला २० लाखांपर्यंत, पाच जणांच्या गटाला १ कोटीपर्यंतच्या खर्चावर बँक कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते: सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. अनुदान हातात येत नाही, ते कर्जखात्याला मागाहून लागते. त्यामुळे पहिल्या हंगामाचे खेळते भांडवल त्यातून निघेल असे धरून दुकान उघडू नका. जूनमध्ये रॅक भरलेले आणि गल्ल्यात फक्त उधारीच्या चिठ्ठ्या, ही स्थिती तिथूनच सुरू होते. प्रकल्प अहवालात चार महिन्यांच्या उधारीवरचे व्याज स्वतंत्र ओळीत दाखवा. बँकेचा अधिकारी ती ओळ नसेल तर विचारतोच.