आठ लाख भरण्याआधी काट्यावर जाऊन ये

पत्र औसा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं आहे: “मी लातूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहेत. मला स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट आणि संस्थांची कामगिरी कशी मोजतात यात करिअर करायचंय. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत याच नावाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, फी आठ लाख. बाबा म्हणतात बी.एड. कर. केपीआय (कामगिरीची ठरवलेली मापं), बॅलन्स्ड स्कोअरकार्ड यांचे व्हिडिओ खूप पाहिले, पण रोज ऑफिसात जाऊन नेमकं काय करतात तेच कळत नाही.”

सस्नेह नमस्कार.

आधी आठ लाखांचं बोलू. ते भरू नकोस. ‘स्ट्रॅटेजी मॅनेजर’ म्हणून बावीस वर्षांच्या पोरीला कुणी घेत नाही; घेतलंच तर साहेबांची पीपीटी सजवायला घेतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत या कामाची पहिली पायरी असते ती एमआयएस (कामाच्या आकडेवारीचे अहवाल) एक्झिक्युटिव्ह, कॉस्टिंग असिस्टंट, प्रॉडक्शन प्लॅनिंग असल्या साध्या नावांची. सकाळी शिफ्टचे आकडे गोळा करायचे, कालच्याशी ताडून पाहायचे, न जुळणाऱ्या आकड्यामागे शॉपफ्लोअरवर जाऊन सुपरवायझरचं डोकं खायचं आणि अकराच्या मीटिंगआधी एक पान तयार ठेवायचं. पहिली दोन वर्षं हेच. कंटाळवाणं आहे, पण धंदा आतून दिसतो तो इथूनच.

आता तुझ्या व्हिडिओतलं बॅलन्स्ड स्कोअरकार्ड. रॉबर्ट कॅप्लान आणि डेव्हिड नॉर्टन यांनी ते १९९२ मध्ये मांडलं. त्यांचं म्हणणं असं की नफ्या-तोट्याचे आकडे झाल्यागेल्याचं सांगतात. पुढं काय होणार ते कळायचं तर ग्राहक, आतली कामाची पद्धत आणि माणसांचं शिकणं हेही मोजा. हे तुला पुस्तकातून कळायचं नाही, बाबांच्या कारखान्यावरून कळेल.

समज, वरून हुकूम आला की रोजचं गाळप हा एकच आकडा बघायचा. शेतकी खातं कोवळा ऊसही आणून ओतेल. मिल रेटून पळवली जाईल आणि बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, साखर राहून जाईल. फळ्यावर टनांचा आकडा दिमाखात, आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, खाली. आता स्कोअरकार्डची चार खाती लावून बघ. पैशाच्या खात्यात क्विंटलमागे उत्पादन खर्च. ग्राहकाच्या खात्यात कोण? साखरेचा व्यापारी आहेच, पण सहकारी कारखान्याचा खरा गिऱ्हाईक म्हणजे ऊस घालणारा सभासद. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. किती जणांना ते मिळाले, हे तिथलं माप. आतल्या कामाचं माप म्हणजे तोड झाल्यापासून गव्हाणीत (ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर) पडेपर्यंतचे तास, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही जातं आणि साखरही. चौथं खातं शिकण्याचं. तिथं बहुतेक ठिकाणी ‘प्रशिक्षणाचे तास’ लिहून मोकळे होतात. बंद हंगामात फिटर काय नवं शिकला, हे कुणी विचारत नाही.

खाती कुणीही भरेल, खरी मेख त्यांना जोडण्यात आहे. फिटर शिकला तर मिल कमी वेळा बंद पडते, मग यार्डात ऊस वाळत नाही, उतारा टिकतो आणि सभासदाचे पैसे वेळेवर सुटतात. ही साखळी बरोबर आहे की नुसती आपली समजूत आहे, ते आकड्यांनी तपासत राहणं म्हणजे तू जिला स्ट्रॅटेजी म्हणतेस ती.

माझीही एक गोष्ट सांगतो. मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी वाळूजला एका सुट्या भागांच्या कंपनीत होतो. तिथं महिन्याचं डिस्पॅच हे एकच माप होतं. पंचवीस तारखेपर्यंत सगळे निवांत, आणि एकतीसच्या रात्री गेटवर ट्रकांची रांग. तपासणी न झालेला मालही चढायचा. पुढच्या आठवड्यात तोच माल लाल टॅग लावून परत यायचा, आणि परत आलेला माल कुठल्याच तक्त्यात नव्हता! माझा तक्ता मात्र दर महिन्याला शंभर टक्के दाखवायचा. तो तक्ता मीच करायचो, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नाही. मापालाच लक्ष्य केलं की ते माप बिघडतं, असं निरीक्षण चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल नोंदवलं होतं. मला ते कळायला एकतीस तारखेच्या बऱ्याच रात्री गेल्या.

हे काम फक्त कंपन्यांत आहे असं समजू नकोस. तुमच्या शेजारचा धाराशिव जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आहे. तिथं आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी अशा विषयांतल्या ४९ निर्देशकांवर जिल्ह्याची प्रगती मोजली जाते. आरोग्य-पोषण आणि शिक्षण यांना प्रत्येकी ३० टक्के वजन. असली आकडेवारी नीट हाताळणारी माणसं सरकारी प्रकल्पांना आणि सामाजिक संस्थांनाही लागतात.

शिक्षणाचे रस्ते दोन. एक सीएमए, म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंटचा अभ्यासक्रम. पदवीधराला थेट इंटरमिजिएटला प्रवेश मिळतो. इंटरला आठ पेपर, फायनलला आठ, आणि १५ महिन्यांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. फायनलच्या सध्याच्या अभ्यासक्रमात ‘स्ट्रॅटेजिक परफॉर्मन्स मॅनेजमेंट अँड बिझनेस व्हॅल्युएशन’ हा ऐच्छिक पेपरच आहे. परीक्षा कडक आहे, चिकाटी लागते. पण तुझ्यासाठी मी हाच आधी सुचवीन, कारण खर्च आवाक्यातला आहे आणि लातुरात राहून अभ्यास होतो.

दुसरा एमबीए, तोही शक्यतो दोन वर्षं नोकरी करून. सीईटी ही प्रवेश परीक्षा दे आणि कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच प्रवेश घे. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोटा, अभिमत विद्यापीठं, स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यांना ही सवलत नाही. तू कुठल्या प्रवर्गात बसतेस ते लिहिलं नाहीस. आधी ते बघ. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला व्यवस्थापनशास्त्र विभागही विचारात घे. प्रोजेक्टसाठी वाळूज हाकेच्या अंतरावर आहे.

बाबांच्या बी.एड.ला मी नावं ठेवणार नाही. त्यांना तुझी काळजी आहे, आणि ‘स्ट्रॅटेजी’ या शब्दात त्यांना नोकरी दिसत नाही. ती दाखवणं तुझ्याकडे लागलं.

येत्या हंगामात एक काम कर. कारखान्याची रीतसर परवानगी काढ आणि आठवडाभर यार्डात बस. तीस-चाळीस गाड्यांच्या तीन वेळा लिही: गेटवर नंबर लागला ती, भरलेलं वजन झालं ती आणि रिकामं वजन होऊन गाडी बाहेर पडली ती. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाडी वेगळे ठेव. सरासरी काढ, पण तिच्यावर थांबू नको; सगळ्यात जास्त खोळंबलेल्या पाच गाड्या बघ आणि त्यांच्या ड्रायव्हरांना कारण विचार. एक्सेलमध्ये एका पानात मांड आणि बाबांना दाखव. चूक कुठं आहे ते ते लगेच सांगतील. मग ते पान मला पाठव, सीएमए की एमबीए ते त्यानंतर बोलू.