चिरेबंदी घराला जोड देताना

सप्रेम आशीर्वाद.

आजोबांच्या घराचे फोटो पाहिले. दोन खोल्या, दोन बाथरूम आणि ऐसपैस स्वयंपाकघर हवंय, तेही रास्तच. पण नकाशा काढण्याआधी एक अख्खा पावसाळा त्या घरात काढ. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाणी कुठून येतं, कोणत्या भिंतीला ओल धरते, हे इंजिनिअरच्या आधी तुला कळायला हवं.

गवंडी पहिल्याच दिवशी म्हणेल, "जुना गिलावा काढून सिमेंट मारू, कटकट मिटेल." ऐकू नकोस. भिंतीतला जांभा दगड पाणी पितो आणि पाऊस सरला की सोडतो. चुन्याचा गिलावा ते सोडू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटतात, आणि वाशांची भिंतीत घुसलेली टोकं आतल्या आत कुजतात. तिथे आजच स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ. सहज आत गेला तर लाकूड संपलंय. तरी अख्खा वासा बदलायची घाई नको; सडका तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा देणारे सुतार अजून आहेत, फक्त त्यांच्या सवडीने थांबावं लागतं.

कौलं उतरवताना छाप बघ. मंगळुरात बाझल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, मग बरेच निघाले, आणि एकाच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. फुटकी वगळून उरलेली सगळी छपराच्या समोरच्या पाख्यावर, म्हणजे उतारावर घाल. नवी मागे.

नवं बांधकामही मागेच, परसात, जुन्या भिंतीपासून सुटं. जुना पाया केव्हाच बसलाय, नवा अजून दबणार. दोन्ही एका स्लॅबने जखडलेस तर तडा ठरलेला. शिवाय जुन्या-नव्या छपरांची पाखी जिथे मिळतात ती पन्हळ आंब्याच्या पानांनी तुंबते आणि पाणी घरात उलटतं. मध्ये चार हात जागा सोडून वर बुटकं छप्पर घाल, आयती पडवी मिळेल. बाथरूम नव्या भागातच कर. माजघर अंधारं वाटतं म्हणतोस, त्याला भिंत फोडायला नको, चार काचेची कौलं पुरतात.

घराच्या मालकीच्या उताऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर संमती लेखी घे. तोंडी होकार जोत्यापर्यंतच टिकतो.

विहीर परसात कुठे आहे आणि जमिनीचा उतार कोणीकडे, ते मोजून कळव. त्याशिवाय सांडपाणी मुरवायच्या शोषखड्ड्याची जागा ठरवता येणार नाही.