समुद्रावर जातो, तरी मन शांत होत नाही

"मॅडम, तीन आठवडे रोज भाट्याला जातोय. सगळे म्हणतात, समुद्रावर गेलं की बरं वाटतं. मला का वाटत नाही? माझ्यातच काही बिघाड आहे का?"

रत्नागिरीत समुपदेशन करायचं म्हटल्यावर हा प्रश्न येणारच. पण काकांइतका वैतागून तो कुणी विचारला नव्हता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. लिहायला त्यांची हरकत नाही.) एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेले. पहाटे चारला जाग येते आणि मुलाचं पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज, गावच्या घराची कौलं, भावाशी झालेलं जुनं भांडण, सगळं एकामागोमाग डोक्यात चढतं. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. "समुद्रावर फिरत जा" एवढं सांगून त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

सुरुवातीला मीच चुकले. चालताना श्वासाकडे लक्ष द्या म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी काका आकडा घेऊन आले: भाट्याच्या पुलापासून झरीविनायकापर्यंत किती श्वास लागतात त्याचा. बरं वाटलं का विचारलं तर म्हणाले, "मोजण्यात चूक झाली नाही."

मग एका संध्याकाळी मी सोबत गेले. काका पायात बूट घालून, सुरूच्या बनाच्या कडेने, कोरड्या वाळूतून भराभर निघाले. पाण्याकडे एकदाही बघितलं नाही. टोकाला पोचल्यावर थांबले, डोळे मिटले आणि मान हलवली.

"काय बघितलंत?"

"शांत झालं का ते."

तिथे मला वे-बिल आठवलं, कंडक्टरचा रोजच्या हिशोबाचा कागद. कंडक्टरला डेपोत तिकिटं आणि रोकड जुळवून हिशोब भरल्याशिवाय घरी जाता येत नाही. तीस वर्षं रोज हेच. आता समुद्रावरून परतताना काका मनाचा हिशोब जुळवत होते आणि तो रोज कमी भरत होता. बिघाड म्हणाल तर एवढाच. शांत वाटतंय का, हे सारखं तपासणारं मन पहाऱ्यावरच असतं.

त्यांच्या वडिलांची होडी होती, हे बोलता बोलता कळलं. म्हटलं, भरतीची वेळ ते कशी काढायचे? काका पहिल्यांदा खुलले. "तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असली तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती. पुढे सहा तासांनी सुकती." आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. मी म्हटलं, आता घड्याळ घरी ठेवा. सुकतीलाच जायचं, अनवाणी, ओल्या वाळूवरून. आणि काल पाणी कुठपर्यंत होतं, आज कुठे आहे, तेवढं मला सांगायचं.

यात थोडी लबाडी होती. भरती-सुकती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काकांचं वेळापत्रक आपोआप मोडणार होतं. दोन आठवड्यांनी ते आले आणि वाळूतल्या बारीक खेकड्यांबद्दल वीस मिनिटं बोलले. पाणी हटलं की ते बिळातून वर येतात, वाळू तोंडात घालून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून टाकतात. बिळाभोवती रांगोळी होते. पाऊल जवळ आलं की सगळे गुडूप, मग न हलता उभं राहावं लागतं. "माझे पाय दुखायला लागले, पण ते येईपर्यंत थांबलो." कर्जाचा विषय त्या दिवशी शेवटच्या पाच मिनिटांत आला, भावाचा आलाच नाही.

जाग अजूनही येते, रोज नाही. कर्जाचं मुलाशी नीट बोलणं झालं, तो अर्धा भाग समुद्राने केलेला नाही. आणि काकांना जे पुरलं ते सगळ्यांना पुरेल असं नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर उदास वाटत असेल, जेवण जात नसेल, तर फिरण्यावर विसंबू नका, डॉक्टरांना गाठा. जगणं नकोसं झालं असेल तर थांबूच नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं.

काकांना पुढची वेळ मी पौर्णिमेची दिली होती, संध्याकाळी पाचची. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, उद्या पाचला जमणार नाही. सुकती आहे, उधाणाची, पाणी लांब जाणार. अकराला भरती आहे, तेव्हा येतो."